झाकलं पाऊल

तेंबिलाहान, २ मार्च १९८६

मामा,

सलाम. अक्षर बघून पत्र फेकून देऊ नका. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे कोंबडीनं शाईत पाय बुडवून कागदावर फेऱ्या मारल्यासारखं दिसतंय. इथे गोदामात पत्रं लिहून देणारा एक कारकून आहे, पण तो सगळ्यांच्याच पत्रात "आपल्या चरणांची धूळ" असं घालतो. ते वाचून तुम्ही म्हणाला असता, शाफनीरला ताप आलेला दिसतोय.

ताप नाही. सुक्या खोबऱ्याची पोती गोदामातून होडीत चढवतो. आधी दुमाईला होतो, त्याआधी एका ट्रकवर क्लीनर. एका जागी बूड टेकत नाही असं आई म्हणते ते खरंच आहे. इथला मालक बुगी जमातीचा आहे. सकाळपासून ओरडतो, पण दुपारी स्वतःच्या पानातला मासा उचलून माझ्या पानात टाकतो. इथे जमीन अशी नाहीच. सगळं पाण्यावर, फळ्यांवर. भरती आली की खालून पाणी वर येतं आणि गाव हलतंय असं वाटतं. डोंगरातल्या माणसाला पहिला महिना झोप लागत नाही.

पत्राला कारण विचाराल तर आमच्या बहीणबाईंचं, देसमाचं पत्र. तिनं लिहिलंय की कोतो लांसेकच्या पंचांनी गावातल्या सगळ्या उस्तादांची नावं एका फळीवर लिहून घ्यायची ठरवलंय; कोण कोणाकडून शिकला, वरपासून खालपर्यंत. आणि नदीपलीकडच्या आखाड्याचे दातुक पांदुको म्हणतात, जुने उस्ताद इन्याक पाकिह यांच्या नावाखाली तुमचं नाव येणार नाही. फळीवर नाव नाही त्यानं गावात सिलेकचे डाव शिकवायचे नाहीत. ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी निकाल.

मामा, हे वाचून मी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. कारण आखाड्यात सगळ्या पोरांसमोर हाच प्रश्न तुम्हाला आधी मी विचारला होता. दातुक त्या दिवशी कॉफीच्या दुकानात मला म्हणाले होते, "तुझ्या मामाचा गुरू म्हणजे शनिवारच्या बाजारातला तेलवाला. तेल विकायला तो उड्या मारायचा, त्या तुझ्या मालिनमामानं उचलल्या; ते टाच न टेकणारं पाऊल इन्याकचं नव्हेच. विचार जा त्याला." आणि मी गाढव, खरंच येऊन विचारलं. "मामा, खरंच इन्याककडे शिकलात का?" तुम्ही खांद्यावर लुंगी टाकलीत आणि घरी गेलात. तुम्ही एक थोबाडीत मारली असतीत तर मी गाव सोडलं नसतं.

बाकी ठीक. आईला सांगा, मी नमाज चुकवत नाही. बहुतेक.

तुमचा भाचा,
शाफनीर


तेंबिलाहान, ६ एप्रिल १९८६

मामा,

तुमचं उत्तर नाही. देसमाचं आलं. ती म्हणते, माझं पत्र तुम्ही उंबऱ्यात उभ्या उभ्या वाचलंत आणि खिशात ठेवलंत. आईनं चुलीत घालायला कागद मागितला तर दिला नाहीत. मी एवढ्यावर महिना काढला.

ती असंही म्हणते की दोन पोरं पलीकडे गेली. कोण ते तिनं लिहिलं नाही. मला ठाऊक आहे कोण. त्यांना म्हणावं, तिकडे दातुक पहिली दोन वर्षं फक्त पाणी भरायला लावतात.

मी सराव सोडलेला नाही. पहाटेची नमाज झाली की धक्क्यावरच्या फळ्यांवर करतो. फळ्या शेवाळलेल्या असतात, त्यामुळे पाय आपोआप हलके पडतात. झाकलं पाऊल तर असं पडतं की तुम्हीही मान डोलावली असतीत. तीन पावलं पुढे, मग डावी टाच टेकायची नाही, बोटांवर तोलून अर्धं पाऊल मागे ओढायचं. धक्क्यावरची माणसं बघत उभी राहतात.

फक्त एक बाई हसली. धक्क्याच्या टोकाला तिची टपरी आहे. केतुपात, म्हणजे पानात बांधून शिजवलेला भात, आणि नारळाच्या रसातला मासा विकते. नाव मासिता, पन्नाशीला आलेली. हसली ते हसली, वर काहीतरी बोलली. काय ते लिहीत नाही. मी रागानं तिच्याकडे जेवणं बंद केलं. दुसऱ्या टपरीतला भात चिखलासारखा असतो, म्हणून चौथ्या दिवशी परत गेलो. तिनं दोन मासे वाढले.

मामा, एक विचारतो. दातुक शिकले ते इन्याक गाव सोडून जायच्या आधी ना? मग इन्याक गेले कुठे होते? आणि परत आल्यावर गावात न राहता वर दालचिनीच्या रानात झोपडी बांधून का राहिले? आम्हाला सगळे सांगायचे की त्यांनी सिलेक सोडलं होतं, फक्त नमाज आणि झाडं. तुम्ही त्यांना भात पोचवायला जायचात, एवढंच गाव मानतं. वर तुम्ही काय करत होता ते कोणी पाहिलेलं नाही.

मी शंका घेत नाहीये. या वेळी नाही. सहज विचारतोय.

शाफनीर


तेंबिलाहान, ४ मे १९८६

मामा,

सहज विचारत नव्हतो. आता सगळं लिहितो, बसून वाचा.

ती बाई हसली तेव्हा म्हणाली होती, "काय रे पोरा, तुलाही पाकट माशानं काटा मारला का?"

मी म्हटलं, "कसलं पाकट? मावशी, हे झाकलं पाऊल आहे. आमच्या आखाड्याचं गुपित. टाच टेकली की जमीन समोरच्याला खबर देते, म्हणून टेकायची नाही."

"खबर कसली डोंबलाची! ठणका लागतो म्हणून टेकवत नाही. आमचा बाप चालायचा असा."

"तुमच्या बापाचा काय संबंध? हे इन्याक पाकिहांचं पाऊल आहे. कोतो लांसेकचे."

तिच्या हातातला झारा तसाच राहिला. मासा करपायला लागला तरी तिला भान नाही. मग म्हणाली, "पुन्हा म्हण. नाव आणि गाव."

मी पुन्हा म्हटलं. तिनं चूल विझवली. गिऱ्हाईक ओरडत होतं, त्याला म्हणाली, "आज नाही. जा."

मामा, ती इन्याकची लेक आहे. इन्याक इथे नऊ वर्षं होते. तिच्या आईशी, बंजार जमातीच्या एका कोळ्याच्या मुलीशी लग्न केलं होतं. सासऱ्याबरोबर जाळी टाकायचे. मासिता मावशी सहा वर्षांची असताना ओहोटीच्या चिखलात जाळं ओढताना डाव्या पायात पाकटाचा काटा घुसला. पाय फणसाएवढा सुजला. तीन महिने अंथरुणावर होते. जगले, पण डावी टाच पुन्हा जमिनीला लागली नाही. मावशी सांगते, ते स्वतःच हसायचे, "म्हशीला आडवी करणारा मी, मला माशानं आडवा केला." आणि लगेच दम द्यायचे, "बाहेर बोललीस तर बघ."

ती आठ वर्षांची असताना ते गेले. गावाकडे काहीतरी तंटा आहे, मिटवून येतो म्हणाले. मग डच आले, गोळ्या सुटल्या, वाटा बंद झाल्या. वाटा उघडल्या तरी ते आले नाहीत. ती म्हणाली, "मला वाटलं, मेले असतील. तू सांगतोस ते नंतरही नऊ-दहा वर्षं जगले." हे बोलताना ती भांडी घासत होती आणि तेच भांडं पुन्हा पुन्हा घासत होती.

त्या दिवशी मला राग आला, मामा. तुमचा नाही. कुणाचा ते कळेना. तेरा वर्षं मी ते पाऊल घोटलंय. त्याच्यासाठी गुडघे सोलून घेतले. आम्ही पोरं पैजा लावायचो की याचं खरं कारण काय: कोण म्हणायचं वाघिणीची चाल, कोण म्हणायचं भुताला चकवण्यासाठी. आणि निघालं काय, तर म्हाताऱ्याचा ठणका. आठवडाभर सराव केला नाही. मग आठवलं की तुम्ही कधीच कारण सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "असंच असतं." कारणं सगळी आम्ही लावली.

आणि मग पोतं उचलता उचलता डोक्यात उजेड पडला. पोतं पाण्यात पडलं, मालकानं माझ्या सात पिढ्या काढल्या, पण उजेड पडला. दातुक शिकले तेव्हा इन्याकचे दोन्ही पाय धड होते, म्हणून त्यांच्याकडे हे पाऊल नाही. तुमच्याकडे आहे. म्हणजे तुम्ही शिकलात ते इन्याक परत आल्यावर, त्यांच्याकडेच, त्यांना बघून. बाजारातल्या तेलवाल्याला पाकटानं मारलं नव्हतं! दातुकनी हे पाऊल इन्याककडे कधी बघितलं नाही, म्हणून ते खरे आहेत आणि तुम्हीही खरे आहात. पंचांना दुसरा पुरावा काय पाहिजे?

मासिता मावशी अंगठा द्यायला तयार आहे. मी लिहिलंय सगळं, कारकुनाकडून नीट करून घेतलंय, चरणांची धूळ काढून. तुम्ही फक्त "हो" कळवा. पंचांकडे पाठवतो.

मामा, मला कळतंय मी काय मागतोय. गावात कळलं की आपलं गुपित म्हणजे माशाचा काटा, तर कॉफीच्या दुकानात वर्षभर हसतील. पण हसले तर हसले. आखाडा राहील ना.

लवकर लिहा. शुक्रवार लांब नाही.

शाफनीर


तेंबिलाहान, २५ मे १९८६

मामा,

रोजे चालू आहेत. उन्हात पोती उचलून जीभ टाळूला चिकटते. मासिता मावशी संध्याकाळी सरबत घेऊन धक्क्यावर उभी राहते, आणि अजान व्हायच्या आधी मी पेल्याकडे बघितलं तरी ओरडते, "डोळ्यांनी पिऊ नकोस!"

तुमचा "हो" आला नाही. "नाही"पण आला नाही.

देसमानं लिहिलंय, आता चारच पोरं उरली आहेत. तिनं लिहिलंय, सकाळी आखाडा तुम्ही स्वतः झाडता. तुमच्या हातात झाडू, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना. आमच्यापैकी कुणी झाडू उचलायला उशीर केला तर तुम्ही नुसतं बघायचात, आणि आम्ही पळत सुटायचो.

म्हणून मी एक केलंय. रागावाल. रागवा.

पंचांना नाही पाठवलं. तुमच्या हुकमाशिवाय चार लोकांत वाचलं जाईल असं काही पाठवायची हिंमत झाली नाही. एकदा चार लोकांत तोंड उघडलंय, त्याचं फळ बघतोय. ते पत्र मी दातुक पांदुकोंना पाठवलं. एकट्यांना. मावशीच्या अंगठ्यासकट. वीस तारखेला टपालात टाकलं, तेव्हा आता थांबवताही येणार नाही. खाली लिहिलं, "दातुक, मी तुमचं ऐकून माझ्या मामाला प्रश्न विचारला होता. आता तुम्ही माझं ऐका. हे खरं की खोटं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. तुम्ही त्यांचे थोरले शिष्य."

मारुफ म्हणून एक हमाल आहे, त्याला आतलं न सांगता नुसतं पत्राचं सांगितलं तर तो म्हणाला, "वाघाच्या हातात मांस देऊन आलास आणि म्हणतोस, राखून ठेव." कदाचित तसंच असेल. पण दातुकना मी लहानपणापासून बघतोय. ते तुमच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात, इन्याकबद्दल कधी एक शब्द वावगा बोललेले नाहीत. इन्याकचं नाव घेताना टोपी सरळ करतात.

चूक असेल तर घरी येऊन झाडू मीच मारीन.

शाफनीर


तेंबिलाहान, २९ जून १९८६

मामा,

तुमचं पत्र आलं. गोदामात सगळ्यांना पाकीट दाखवत फिरलो. मालक म्हणाला, "लग्न ठरलं की काय?" मी म्हटलं, "त्याच्याहून मोठं."

पहिल्या पानावर तुम्ही मला मूर्ख, उतावळा, बिनलगामाचा घोडा, आणि आणखी एक शब्द लिहिलाय जो आईला वाचून दाखवता येणार नाही. ते सगळं मी दोनदा वाचलं. बरं वाटलं. वर्षभराचं एकदम मिळालं.

दुसऱ्या पानावर मात्र थांबलो.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. दालचिनीच्या रानात नऊ वर्षं त्यांचा पाय गरम पाण्यात शेकत होता तुम्ही. इन्याकनी शपथ घातली होती की माझं लंगडणं गावाला कळू देऊ नकोस, आणि तुम्ही एकतीस वर्षं कळू दिलं नाहीत. पोरं गेली, नाव जायची वेळ आली, भाच्यानं तोंडावर विचारलं, तरी नाही. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं, मामा. मी त्या दिवशी तुमच्या जागी असतो तर पहिल्या दमात सगळं ओकलो असतो.

आणि तुम्ही लिहिलंय, "तुम्हा पोरांना टाच टेकवून शिकवायचा मी प्रयत्न केला. दोन वर्षं केला. जमलं नाही. माझ्या पायांनी दुसरं काही बघितलंच नव्हतं." हे वाचून मी जेवायचा थांबलो. आता ते पाऊल वाघिणीचं नसलं तरी चालेल. वाघीण कुणाला पाहिजे?

दातुकचं तुम्ही चार ओळींत उरकलंत, पण देसमा कुंपणाआड उभी होती, तिनं सगळं लिहिलंय. शुक्रवारच्या आदल्या दिवशी दातुक नदी ओलांडून एकटेच आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या आखाड्यात पाय ठेवला. बसा म्हटलंत तर बसले नाहीत. म्हणाले, "मालिन, चालून दाखव."

तुम्ही म्हटलंत, "सिलेक?"

"सिलेक नको. नुसतं चाल. फणसापर्यंत जा आणि परत ये. ते चालायचे तसं."

तुम्ही गेलात आणि आलात. देसमा म्हणते, दातुकची टोपी हातात होती. मग विचारलं, "फार दुखायचं का रे त्यांना?"

तुम्ही म्हणालात, "पावसात."

"मी एकदाही वर गेलो नाही," दातुक म्हणाले. "त्यांनी सिलेक सोडलं असं ऐकलं, म्हणून रुसून बसलो. पाऊण तासाची चढण होती."

मग तुम्ही त्यांना कॉफी दिलीत आणि ती त्यांनी प्यायली, साखर कमी आहे अशी तक्रार करत.

शुक्रवारी पंचांपुढे ते जे बोलले ते मी पाठ केलंय: "इन्याकची शेवटची नऊ वर्षं ज्यानं सांभाळली त्याचं नाव माझ्या खाली लिहू नका. शेजारी लिहा." कुणीतरी विचारलं, मग त्या विचित्र पावलाचं काय? तर म्हणाले, "तो आमच्या घरातला मामला आहे. तुझं कॉफीचं बिल दिलंस का?" देसमा म्हणते, सगळे हसले आणि विषय संपला. म्हणजे गुपित आता पाच जणांत: तुम्ही, दातुक, देसमा, मी आणि मासिता मावशी. कारकून धरला तर सहा. पण तो पैजेवर सांगतो की मी लिहितो त्यातलं त्याला काहीच कळत नाही.

ती दोन पोरं परत आली तर पहिला महिना झाडू त्यांच्याकडे.

आता शेवटचं. तुम्ही लिहिलंय, इन्याकच्या लेकीला घेऊन ये, त्यांची कबर दाखवू. मी टपरीवर जाऊन वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी तिकडे जाऊन कोण म्हणून उभी राहू? तुमच्यात कूळ आईकडून असतं. माझी आई इथली. तुमच्या गावात मला घर नाही, कूळ नाही, काही नाही." खरंच आहे. मग पुढचं वाचलं, तुम्ही लिहिलेलं: "तिला सांग, आखाड्यात ती आम्हा सगळ्यांची थोरली बहीण. दातुकचीसुद्धा." ती म्हणाली, "दातुक सत्तरीचे आहेत म्हणालास ना?" मी म्हटलं, "हो." "मग मी त्यांची थोरली कशी?" मी म्हटलं, "मावशी, तुम्ही त्यांना आल्या आल्या साखरेवरून झापा, म्हणजे कळेल."

हसली. मग विचारलं, "आमचं नाव कधी काढायचे का ते?"

मी पान उलटून ती ओळ शोधली. तुम्ही लिहिलंय, नावं त्यांनी कधी सांगितली नाहीत. पण वरच्या रानात वारा सुटला की झोपडीच्या दारात येऊन म्हणायचे, "आता तिकडे भरती लागली असेल." आणि पाणी दिसणार नाही इतक्या लांबून बघत बसायचे.

ही ओळ तिनं दोनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा तिनं कागद माझ्या हातातून घेतला. तिला वाचता येत नाही, मामा. तरी बराच वेळ बघत होती.

मग म्हणाली, "चुलीपाशी कोणाला बसवून जाऊ?"

येता सोडून पुढच्या बुधवारी लाँचनं रेंगातपर्यंत येतो, तिथून बस. गुरुवारी दुपारी कोतो लांसेकच्या वळणावर उतरू. मालकानं पंधरा दिवस दिलेत, आणि खोबऱ्याचं अर्धं पोतं तुमच्यासाठी, ओरडत ओरडत. मी पंधरा दिवसांनी परत येईन की नाही ते मी त्याला सांगितलेलं नाही. तुमच्याकडे बघून ठरवीन. सगळ्या पोरांसमोर विचारलं होतं, तेव्हा सगळ्या पोरांसमोर माफी मागणार आहे. तुम्ही लुंगी खांद्यावर टाकून निघून जायचं नाही. बसायचं आणि ऐकायचं.

मावशी सकाळपासून तीनदा विचारून गेली, वळणावर एवढी माणसं उभी असतील, त्यातला तुझा मामा मला कळणार कसा? मी तिला काही सांगितलेलं नाही.

मामा, बस यायच्या वेळी रस्त्यावर उभे राहू नका. समोर कॉफीच्या दुकानात बसा. आम्ही उतरलो की उठा आणि आमच्याकडे चालत या. दातुकसाठी चाललात तसे.

शाफनीर